व्यसन सुटावे, शाळा सुटू नये

आपल्या वस्त्यांतील बारा ते सतरा वर्षांच्या पोरांच्या हातात आज काय आहे, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारला पाहिजे. पुस्तक आहे, असे लिहायला आम्हाला आवडले असते. पुष्कळ घरांत ते आहेही. परंतु रेल्वे रुळांच्या कडेला, उड्डाणपुलाखाली, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीआड, भंगाराच्या गोदामामागे एखाद्या संध्याकाळी जाऊन पाहावे. तेथे पोरांच्या हातात रुमाल असतो, रुमालात पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर असते आणि तो रुमाल नाकाशी धरलेला असतो. विदर्भात खर्रा, मालेगावकडे कुत्ता गोळी, आणखी कुठे बटन आणि ज्याच्या खिशात चार पैसे जास्त त्याच्यासाठी एमडी. दारू तर घरातच असते. बाप गटारात उतरण्याआधी वास सहन व्हावा म्हणून पितो आणि पोरगा ते पाहत मोठा होतो.

हे फक्त आपल्याच वस्त्यांत आहे, असे कोणी समजू नये. बंगल्यातील मुलेही नशा करतात. फरक पुढे पडतो. बंगल्यातील मुलगा 'आजारी' असतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, शाळेला वैद्यकीय दाखला जातो आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून घरी शिक्षक येतो. आपल्या वस्तीतील मुलगा मात्र 'गर्दुल्ला' असतो. त्याला पोलीस चौकीत नेतात आणि जवळपासच्या चार चोऱ्यांची चौकशी त्याच्यापासून सुरू होते. व्यसन जात पाहत नाही, उपचार मात्र जातही पाहतो आणि खिसाही पाहतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर जे सर्वेक्षण केले, त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्वेक्षण सरकारला आपणहून सुचलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. बचपन बचाओ आंदोलन या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी निकाल देताना, मुलांमधील व्यसनाचे राष्ट्रीय सर्वेक्षण सहा महिन्यांत करा आणि राष्ट्रीय कृती आराखडा तयार करा, असे आदेश दिले होते. या अहवालात एक गोष्ट अशी आहे की जी वाचून कोणाही कार्यकर्त्याची झोप उडावी. दारू, गांजा, अफू अशा सगळ्या नशांमध्ये प्रौढांचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. हुंगण्याच्या नशेत मात्र उलट आहे. प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के. म्हणजे दुप्पट. या एकाच नशेपायी मदतीची गरज असलेली मुले देशात ४.६ लाख असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. आणि उपचार किती जणांपर्यंत पोहोचतो? दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो आणि १८० जणांपैकी एकाला निवासी उपचार मिळतो. ही कमावत्या माणसांची अवस्था. पोराची काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सोल्युशन, व्हाइटनर आणि थिनर ही गरिबाच्या पोराची नशा आहे, कारण ती स्वस्त आहे आणि ती वस्तू बाळगणे हा गुन्हा नाही. बाटलीतून किरकोळ विकल्या जाणाऱ्या व्हाइटनरवर आणि थिनरवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. व्हाइटनर पेनाच्या स्वरूपात विकावे, असे ठरले. पंक्चरच्या दुकानातील सोल्युशनचे काय करणार? ते बंद करता येत नाही. त्यामुळे ज्यांना वाटते की दुकानावर धाड टाकली की प्रश्न मिटला, त्यांनी या नशेचा अभ्यास केलेला नाही. अल्पवयीन मुलाला अमली किंवा मादक पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ७८ खाली मुलाकरवी असा माल विकून घेणाऱ्यास किंवा वाहून नेणाऱ्यासही तेवढीच शिक्षा आहे. ही कलमे वापरलीच पाहिजेत. परंतु विक्रेत्याला शिक्षा झाल्याने मुलगा बरा होत नाही.

मुलगा बरा कसा होतो, याविषयी आजचा आमचा मुद्दा आहे.

आज अशा मुलाच्या आईसमोर दोन दारे असतात. एक शाळेचे आणि दुसरे व्यसनमुक्ती केंद्राचे. दुर्दैव असे की एका दारातून आत गेले की दुसरे आपोआप बंद होते. वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे आलेल्या एका आईची हकिकत सांगतो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. मुलगा आठवीत. वर्गात त्याच्या अंगाला सोल्युशनचा वास आला म्हणून शाळेने तिला बोलावून घेतले आणि "दाखला काढून न्या" म्हणून सांगितले. तिने दाखला काढला. कर्ज काढून मुलाला एका खासगी केंद्रात ठेवले. तेथे तीस-चाळीस वयाच्या दारुड्यांच्या खोलीत त्याची वळकटी पडली. सकाळी झाडलोट, दुपारी भांडी, संध्याकाळी प्रार्थना. सात आठवड्यांनी तो घरी आला तेव्हा शाळेचे वर्ष गेले होते. ती आम्हाला म्हणाली, "वकीलसाहेब, दोन महिने त्यानं हात लावला नाही. पण आता दिवसभर मी काय करू, असं मलाच विचारतो." दिवाळीच्या आत तो पुन्हा रुळावर होता.

त्या मुलाचे व्यसन सुटले होते, यात आम्हाला शंका नाही. त्याचा दिवस मात्र रिकामा होता. पंधरा वर्षांच्या मुलाचा रिकामा दिवस कोण भरते? ज्यांनी आधी भरला होता तेच.

आता कायद्याचे बोलू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु काढून टाकण्याची मुभा मिळालेली नाही. म्हणूनच मुख्याध्यापक मुलाला 'काढत' नाहीत, तर आईला दाखला 'काढायला' लावतात. कागदोपत्री ती आईची इच्छा होते. हा जुना खेळ आहे. आपल्या मायमाऊल्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की आठवीपर्यंत दाखला मागण्याचा अधिकार पालकाचा आहे, द्यायला लावण्याचा अधिकार शाळेचा नाही. याच कायद्याचे कलम ४ सांगते की शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घ्यावे, मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे आणि असा मुलगा चौदा वर्षांच्या पुढे गेला तरी प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत ते मोफत चालू ठेवावे. म्हणजे व्यसनामुळे दोन वर्षे वाया गेलेल्या मुलासाठी कायद्याने शाळेचे दार उघडे ठेवले आहे. नववी-दहावीच्या मुलाला मात्र हे संरक्षण नाही आणि व्यसनाची खरी विळख्याची वर्षे तीच आहेत. त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते किंवा मुक्त विद्यालयाचा मार्ग घेता येतो. पण तो फॉर्म भरून घेणार कोण आणि शिकवणार कोण?

दुसरे दार केंद्राचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थेला मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. याचा अर्थ व्यसनी मुलगा कायद्याच्या लेखी रुग्ण आहे. त्याचे कलम ८७ अल्पवयीन रुग्णाविषयी आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय त्याला दाखल करता येत नाही. त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. दाखल केल्याची माहिती मंडळाला ७२ तासांत द्यावी लागते. या आईच्या मुलाच्या बाबतीत यातले किती झाले, हे वाचकांना सांगायला नको. मोठ्यांच्या खोलीत पोरगा ठेवणे म्हणजे व्यसनाची शिकवणी लावणे. सोल्युशनवर आलेला मुलगा तेथून गोळ्यांची नावे शिकून बाहेर पडतो. जी केंद्रे मारतात, कोंडतात, साखळीने बांधतात आणि त्याला उपचार म्हणतात, त्यांच्यावर याच कायद्याखाली व बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली कारवाई होऊ शकते. साखळीला कायद्यात पूर्ण बंदी आहे.

याच कलम ८७ मध्ये आणखी एक तरतूद आहे. मूल केंद्रात आहे तितके दिवस त्याच्या पालकाने किंवा नेमलेल्या सोबत्याने त्याच्याजवळ राहावे, असे कायदा म्हणतो. तरतूद माणुसकीची आहे, यात वाद नाही. पण ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रजा मिळणारा बाप होता. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, दिवसाच्या मजुरीवर चूल पेटवणाऱ्या बाईने महिनाभर केंद्रात राहायचे तर घरातल्या बाकीच्या तिघांनी काय खायचे? अशा पालकाला त्या काळातील बुडालेली मजुरी शासनाने दिली पाहिजे, ही मागणी आम्ही येथे नोंदवून ठेवतो. त्याशिवाय हे कलम गरिबाच्या उपयोगाचे नाही.

आता वैद्यकीय बाजू. आम्ही डॉक्टर नाही, परंतु डॉक्टर जे सांगतात ते सरळ आहे. दारू एकदम बंद केली तर जुन्या दारुड्याला झटके येतात, त्याला औषधे लागतात. अफू-हेरॉइनच्या व्यसनासाठीही औषधे आहेत. हुंगण्याच्या व्यसनावर असे खास औषध नाही. सोल्युशनमधील टोल्युइनसारखी द्रव्ये मेंदूवर आणि मज्जातंतूंवर परिणाम करतात, लक्ष लागत नाही, आठवण राहत नाही, कधी कधी हृदयाची लय बिघडून मुलगा हुंगता हुंगता जागेवर जातो. ते थांबवल्यावर शरीर साफ व्हायला फार दिवस लागत नाहीत. परंतु लक्ष आणि स्मरण परत यायला महिने लागतात आणि त्या महिन्यांत मेंदूला काम लागते. मग उपचार कोणता? वेळेवर झोप, पोटभर अन्न, खेळ, समुपदेशन, घरच्यांशी बोलणे आणि रोज थोडे थोडे शिकणे. म्हणजे जी मुले सगळ्यात जास्त आपल्या वस्तीतील आहेत, त्यांच्या व्यसनाला शाळा हेच मोठे औषध आहे आणि तेच औषध आपण दाखल करताना काढून घेतो.

अर्थात पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे बीजगणित ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. पहिले काही दिवस त्याला धड बसताही येत नाही. तेव्हा वीस मिनिटांचा तास पुरे. चित्र, हिशेब, वर्तमानपत्र वाचून दाखवणे. मग अर्ध्या तासाचा तास. जो सहावीत आहे असे दाखल्यावर लिहिले आहे आणि ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला दुसरीपासून, पण दुसरीतल्या पोरांसमोर न बसवता, शिकवावे लागते. ही लाज सांभाळणे हा शिक्षणाचाही भाग आहे आणि उपचाराचाही. वर्गात हसे झाले म्हणून शाळा टाळणे आणि शाळा टाळून रुळावर बसणे, हा क्रम आम्ही पुष्कळ घरांत पाहिला आहे. त्याला चांगले वाचता येऊ लागले की रुळाकडे जाण्याचे एक कारण तरी कमी होते.

असे कुठे होते का, असे कोणी विचारील. दिल्लीत एसपीवायएम या संस्थेने केवळ मुलांसाठी वेगळे निवासी व्यसनमुक्ती केंद्र चालवून दाखवले आहे. अमेरिकेत व्यसनातून बाहेर येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'रिकव्हरी हायस्कूल' नावाच्या शाळा काही दशकांपासून आहेत. त्या बहुतेक निवासी नाहीत, मुलगा संध्याकाळी घरी जातो. तेथील घरी जाणे आणि आपल्या झोपडपट्टीतील घरी जाणे यांत अंतर आहे. येथे घराच्या दारातच विक्रेता उभा असतो. म्हणून आपल्याकडे काही महिने तरी मुलाला जागा बदलून द्यावी लागेल.

आणि जागा बदलून देऊन शिकवणे, हे आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन शिकवण्याची गरज आहे काय? राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. नंतर पीपल्स एज्युकेशन सोसायटी झाली, मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि औरंगाबादेत १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय झाले आणि मिलिंदच्या वसतिगृहांतून मराठवाड्याची एक पिढीच्या पिढी उभी राहिली. वसतिगृह हे नुसते झोपायचे छप्पर नव्हते. मुलाला गावकीच्या कामातून, सावकाराच्या ओट्यावरून, उपासमारीतून उचलून दुसऱ्या हवेत ठेवण्याची ती युक्ती होती. आपली चळवळ वसतिगृहात वाढली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या वेळी पोराला ओढणारी गावकी होती, आज सोल्युशनची डबी आहे. वसतिगृहात एक खोली डॉक्टरची आणि एक समुपदेशकाची वाढवली, तर जे उभे राहील तेच आम्ही मागत आहोत.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सरकारी बाबू विचारतील. त्याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२७ मध्येच देऊन ठेवले आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला की सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जितके लोकांच्या पिण्यातून घेता तितके तरी त्यांच्या शिकण्यावर लावा, अशी त्यांची मागणी होती. शंभर वर्षे होत आली, तरी दारूचा महसूल हा शासनाच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. घटनेच्या कलम ४७ ने राज्याला मद्यबंदीच्या दिशेने जायला सांगितले, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लावलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली. असो. बंदी असावी की नसावी यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. आमचे एवढेच म्हणणे की बापाच्या पिण्यातून आलेल्या पैशाचा एक ठरलेला वाटा पोराच्या उपचारावर आणि शिक्षणावर खर्च झाला पाहिजे आणि अर्थसंकल्पात त्याचे वेगळे शीर्ष असले पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले. ते कोणत्या विभागाचे आहे? सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा कोणत्या विभागाच्या? त्याच विभागाच्या. वसतिगृहे? तीही त्याच विभागाची. एकाच विभागाच्या दोन फायली एकमेकींना ओळखत नाहीत, आणि त्यांच्यामधल्या फटीत आपला पोरगा पडतो. बालगृहे महिला व बालविकासकडे, मनोरुग्णालये आरोग्याकडे, मुक्त विद्यालय शालेय शिक्षणाकडे, हे वेगळेच. पण निदान सामाजिक न्याय विभागाला तरी कोणाची परवानगी मागायची गरज नाही. प्रत्येक महसुली विभागात एक निवासी शाळा निवडावी, तिच्या आवारात स्वतंत्र इमारतीत पंचवीस-तीस मुलांचे उपचार केंद्र करावे, मुलींसाठी वेगळे करावे, आणि बरा झालेला मुलगा त्याच आवारातल्या नेहमीच्या वर्गात जाऊन बसावा. मुलींचा विषय तर कोणी काढतच नाही. व्यसनी मुलगी दिसली की तिला व्यसनी समजण्याआधीच लोक दुसरे काही समजतात.

कायद्यात यासाठी नवीन काही करावे लागत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ९३ बाल कल्याण समितीला आणि बाल न्याय मंडळाला अधिकार देते की व्यसनी बालकाला उपचाराला लागेल तेवढ्या काळासाठी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे. कलम ५३ बालकांच्या संस्थांतून योग्य शिक्षण, कौशल्य, समुपदेशन हे सगळे देण्यास सांगते. विधिसंघर्षग्रस्त बालकाविषयीचे कलम १८ तर शाळेत जाण्याचा आदेश आणि व्यसनमुक्ती कार्यक्रमाचा आदेश एकाच पोटकलमात लिहिते. दोन्ही गोष्टी एकाच मुलाला लागतात, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते. दोन्ही एके ठिकाणी मिळतील अशी जागा तेवढी कोणी बांधली नाही.

आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. काही समाजबांधव म्हणतात, पंचशील घेतलेल्यांच्या घरात हा विषय कशाला, विहारात गर्दुल्ले आणून बसवायचे काय? त्यांना विनयपिटकातील सागत थेरांची कथा सांगावीशी वाटते. सागत हे मोठे सामर्थ्यवान भिक्खू. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी त्यांना मद्य दिले आणि ते नगराच्या वेशीत कोसळले. तथागत भिक्खूंसह तेथून निघाले होते. त्यांनी काय केले? त्याला उचला, असे सांगितले. भिक्खूंनी त्यांना आरामात नेऊन तथागतांकडे डोके करून निजवले, तर नशेत त्यांनी कूस बदलून तथागतांकडेच पाय केले. त्या प्रसंगावरून मद्यपानाविरुद्ध नियम झाला. तो नियमही पाचित्तिय आहे, पाराजिक नाही, म्हणजे कबुली देऊन शुद्ध होण्याचा, संघातून कायमचे काढण्याचा नव्हे. हेच सागत पुढे अर्हत झाले. पाचव्या शीलाचा उगम जिथे सांगितला जातो, तिथेच पडलेल्याला उचलून आत नेलेले आहे. मग आपल्या विहाराच्या पायरीवरून पोरगा हाकलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप असा की अशी मुले चांगल्या मुलांत बसवली तर ती बिघडतील. हा आक्षेप आपल्या तोंडून येतो तेव्हा आम्हाला विशेष वाईट वाटते. आपल्या आजोबांना वर्गाबाहेर बसवताना दिलेले कारण यापेक्षा फार वेगळे नव्हते. उपचाराच्या काळात वेगळी व्यवस्था हवी, हे आम्ही वर म्हटलेच आहे. नंतर मात्र त्याला सगळ्यांच्याच वर्गात जायचे आहे. व्यसनी मुलांची कायमची वेगळी शाळा आम्हाला नको.

आपल्या संस्थांना, ट्रस्टना, वसतिगृहे चालवणाऱ्या मंडळांना एक इशारा द्यावासा वाटतो. हा लेख वाचून उद्या कोणी उत्साहाने दहा मुले गोळा करून केंद्र उघडू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशा मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीशिवाय चालवल्यास कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखाहून कमी नाही इतका दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उपचार देणार असाल तर मानसिक आरोग्य कायद्याखालील नोंदणी वेगळी. चळवळीच्या माणसाचे मन चांगले आहे, हे कायद्याला सांगून चालत नाही. कलम ५१ खाली मात्र एखाद्या स्वयंसेवी संस्थेला विशिष्ट कामासाठी, ठरावीक काळापुरते 'योग्य सुविधा' म्हणून समिती मान्यता देऊ शकते. ज्यांच्याकडे इमारत आहे आणि दोन निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी या मार्गाने अर्ज करावा. आपल्या समाजात निवृत्त मुख्याध्यापक, परिचारिका, बँकेतील अधिकारी आता भरपूर आहेत. जयंतीच्या मंडपात पुढच्या खुर्चीवर त्यांचा सत्कार होतोच. त्यांच्याकडून आठवड्याचे चार तास मागावेत.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात. त्या तीन महिन्यांत प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतील शाळा सुटलेल्या मुलांची यादी करावी. नावे फळ्यावर लिहू नयेत, लाउडस्पीकरवरून पुकारू नयेत. त्या मुलाला उद्या शाळेत बसायचे आहे, नोकरी करायची आहे. यादी दोन जबाबदार माणसांकडे, त्यांतील एक बाई असावी, एवढ्यापुरतीच राहावी.

ज्या मुलाला घरी ठेवून सुधारणे शक्य नाही, त्याच्यासाठी जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जावे. व्यसनाकडे ओढले जाण्याचा धोका असलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, असे कायद्याची व्याख्याच म्हणते. समितीपुढे सामाजिक कार्यकर्ता, कोणीही जबाबदार नागरिक किंवा मूल स्वतःही जाऊ शकते. वकील लागत नाही. १०९८ या क्रमांकावरही कळवता येते. अर्ज साध्या कागदावर लिहावा आणि त्यात दोन मागण्या एकाच वाक्यात कराव्यात. मुलाला कलम ९३ खाली प्रौढांपासून वेगळ्या ठिकाणी उपचार मिळावा आणि त्या काळात त्याचे नाव शाळेच्या पटावर ठेवून त्याला केंद्रात शिकवण्याची व्यवस्था व्हावी. समितीने फक्त पहिली मागणी मान्य केली, तर दुसरीविषयी लेखी उत्तर मागावे आणि त्या उत्तराची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात द्यावी. अशा प्रती साठू लागल्या की उच्च न्यायालयात जायला आम्हा वकिलांना कागद लागतो, तो हाच.